नसलेल्या देशाची फौज

बालाघाटच्या बाजारात टिकाराम टेलरचं दुकान होतं, आणि त्या दुकानात वर्षातून एकदा राजे, वजीर आणि शिपाई तयार व्हायचे. एरवी तो चारचौघा शिंप्यांसारखाच लेंगे, सदरे आणि शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवायचा. त्यात काही विशेष नव्हतं. पण दसरा उलटला की गावोगावच्या दंडार मंडळ्या त्याच्या दाराशी येऊन बसायच्या. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईत दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, झाली नाही तर त्या गावात पोरगी देऊ नये इतकी ती नाचक्की. दंडारीत राजा लागतो, राजाला फौज लागते आणि फौजेला कपडे लागतात. ते टिकारामनंच शिवायचे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तरुणपणी तो कामठीला छावणीजवळच्या एका दुकानात काम शिकला होता, म्हणून फौजी कोटाचा खांदा त्याच्या हातात बसलेला. पुढे छप्पन साली मोहल्ला दीक्षेसाठी नागपूरला निघाला, तेव्हा सगळ्यांचे पांढरे कपडे यानंच शिवले. त्याचा भोजराज तेव्हा सात वर्षांचा. पोराच्या सदऱ्याच्या शिवणीत त्यानं आत एवढं कापड मुडपून ठेवलं की पोरगं चारी बाजूंनी फुगलेलं दिसत होतं. मग दरवर्षी शिवण उसवायची, आतलं कापड थोडं बाहेर काढायचं, पुन्हा शिवायचं. तो एक सदरा त्यानं पोराच्या अंगाबरोबर वाढवत नेला.

ती खोड त्याची पुढेही गेली नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यात तो आत बोटभर कापड सोडायचा, भोजराजच्या कपड्यात तीन बोटं. पोरगा विशीत आला, पलटणीत भरती झाला, तरी तेच. बायको तुळसाबाई चिडवायची, की पोरगा आहे का भोपळ्याचा वेल, अजून किती वाढणार? भोजराज म्हणायचा, बाबा, आता मी जेवढा आहे तेवढाच राहणार. टिकाराम सुईत दोरा ओवता ओवता सांगायचा की माणूस उंचीला थांबला तरी आडवा वाढतो, लग्नानंतर तर वाढतोच. त्याच्या हिशेबात पोराला अजून खूप वाढायचं होतं.

दंडारीच्या फौजेचा पहिला कोट नेहमी भोजराजच्या मापाचा. तो अंगावर चढवून बघायचा आणि त्यावरून बाकीचे कापायचे. सुट्टी मंडईला जुळली तर भोजराज स्वतःच भाला धरून स्टेजवर उभा राहायचा. शेवटच्या सुट्टीत त्यानं बापाचा टिकल्या लावलेला कोट घातला आणि पोट धरून हसला. असा चमकणारा शिपाई पहिल्याच गोळीत जातो, म्हणाला. मग आपल्या खऱ्या वर्दीतलं एकेक समजावत बसला, की बटणावर पट्टी असते, नाहीतर रांगताना बटण गवतात अडकतं. आणि आत छातीशी एक खिसा असतो. बाकी सगळं सरकारचं, तेवढा खिसा शिपायाचा. टिकाराम ऐकत राहिला. आपलं पोरगं आपल्याला शिवणकाम शिकवतंय याचा त्याला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि भोजराज बेपत्ता असल्याचं कळलं. मेला असं नाही. बेपत्ता.

या शब्दाला तुळसाबाई लटकून राहिली. आपले काही जवान पलीकडे कैदेत आहेत, ते सुटणार आहेत, असं लोक बोलत. ती रोज पानठेल्यावर रेडिओच्या बातम्या लागायच्या वेळी जाऊन उभी राहायची. बातम्या हिंदीत, त्या तिला कळायच्या सगळ्या, तरी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, तुम्ही पण ऐका, माझ्याकडून काही सुटलं असेल. पानवाल्यानं तिच्यासाठी एक खोकं उलटं करून ठेवलं होतं. ती त्यावर कधी बसली नाही. बसलं तर नीट ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं.

आषाढातल्या आखाडी सणाच्या आदल्या आठवड्यात हट्टा गावचा हिरालाल दुकानात आला. भोजराजच्याच पलटणीतला, काखेत कुबडी. घरी भोजराजच्या आईसमोर बोलता येणार नाही म्हणून इथं आलो, असं तो म्हणाला आणि कुबडी मशीनला टेकवून बसला. मग सांगितलं. सीमेवरची नदी ओलांडत होते. भोजराज त्याच्या पुढे होता. गोळी लागलेली हिरालालनं डोळ्यांनी पाहिली, हात पुढे केला, हाताला पट्टा लागला आणि सुटला. पाण्यानं नेलं. देह मिळाला नाही म्हणून सरकारला बेपत्ता लिहावं लागतं, काका. तो जिवंत नाही.

टिकारामनं त्याला चहा पाजला. घरी जाऊ नकोस म्हणाला, मीच सांगतो. आणि खरंच सांगायला म्हणून दुकानाला कुलूप लावून निघाला. घरी पोचला तर तुळसाबाई अंगणात तांदूळ निवडत होती आणि हसत होती. डिसेंबरपासून ती हसली नव्हती. दोन्हीकडचे कैदी सोडायची बोलणी चालली आहेत असं तिनं त्याच दिवशी रेडिओवर ऐकलं होतं. टिकाराम ओट्यावर टेकला. आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवस गेले, आणि मग चार दिवस का सांगितलं नाही हे सांगणं त्या बातमीपेक्षाही अवघड होऊन बसलं. भित्रा म्हणायचं तर म्हणा त्याला. तो स्वतःला रोज म्हणतच होता.

दसऱ्यानंतर लालबर्ऱ्याचा खेमराज मुनीम आला. धानाच्या गिरणीत मुनीम आणि मंडईपुरता नाटककार. यंदा त्यानं शिवाजीचं नाही, रामरावणाचं नाही, गोंड राजाचंही नाही, तर कुठंच नसलेल्या एका देशाचं नाटक लिहिलं होतं. देशाचं नाव मेघावती. तिथं राणी आहे, सात नद्या आहेत, बारा जणांची फौज आहे आणि शत्रू आहे. शत्रूला मागच्या वर्षीचे काळे कोट चालतील, पण मेघावतीची फौज अशी हवी की ती कुठल्या राज्याची ते कोणाला सांगता येऊ नये आणि तरी खरी वाटावी. भोसल्यांच्या स्वारांसारखी थोडी, गोंडांसारखी थोडी, इंग्रजांसारखे छातीवर आडवे पट्टे. खेमराज हात हलवून हलवून सांगत होता. टिकारामनं ऐकून घेतलं आणि यंदा जमणार नाही म्हणाला.

हे घरी कळलं तेव्हा तुळसाबाई संतापली. काम का सोडलं? आणि मग आवाज खाली आणून म्हणाली,

"मंडईपरेंत येईन तो. आल्यावर इचारन, बाबा, माहा कोट कुठी हाय, त काय सांगसान? बारा लोकायचे बारा शिवा, आन् त्यातला एक त्याच्या मापाचा. अंगानं भरला असन नाहीत सुकला असन, तुमी आत कापड सोडा आपलं."

टिकाराम हौ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

काम हाती घेतलं आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं, कारण तो त्या नसलेल्या देशात रमला. दिवसातून तेवढाच वेळ हिरालालचे शब्द कानात वाजत नसत. त्यानं खेमराजला बोलावून विचारलं, तुमच्या देशात पाऊस किती पडतो? खेमराज गांगरला. नाव मेघावती म्हणजे पडतच असेल, म्हणाला. मग कोट गुडघ्याच्या वर हवा, चिखलात लोळणारा घोळ नको. धोतर धान रोवणाऱ्या बायांसारखं वर खोचलेलं. जंगल आहे का? आहे. मग लाल रंग नको. गिरणीतली जुनी पोती उकळून मऊ केली, बाभळीच्या सालीत रंगवली, त्यावर तिरोडीच्या खाणीतल्या काळ्या भुकटीचे पट्टे ओढले. टोप बांबूच्या कामट्यांचे, पावसात डोक्यावर घेतात तसे, पण कानाशी वळवलेले. छातीला लोखंड कुठून आणणार? जुन्या काळी शिपाई कापूस भरलेले कोट घालत असं त्यानं कामठीच्या उस्तादाकडून ऐकलं होतं. म्हणून छातीवर चिंध्यांचे थर घालून गोधडीसारखे टाके मारायचे. ते काम तुळसाबाईचं. शेजारपाजारच्या बायांची जुनी लुगडी तिनं मागून आणली आणि बारा छात्या शिवायला बसली.

टिकली एकही नाही. बटणांवर पट्टी. आणि प्रत्येक कोटात आत, डाव्या बाजूला, एक खिसा.

खेमराजनं तो खिसा बघितला आणि म्हणाला की मास्तर, हा तर प्रेक्षकांना दिसणारच नाही, उगाच मेहनत. टिकाराम म्हणाला, शिपायाला दिसतो. खेमराज बिचारा नाटककार होता, त्याला ते वाक्य आवडलं आणि त्यानं ते नाटकात घालायचं ठरवलं. टिकारामला त्याचा राग आला, पण राग धरून ठेवण्याएवढी ताकद त्याच्यात राहिली नव्हती.

दरवर्षी पहिला कापला जाणारा भोजराजचा कोट यंदा शेवटी राहिला. अकरा कोट घरी गेले आणि त्याला दुसरी सबब उरली नाही. माप लिहून ठेवायची गरज नव्हती. छाती, खांदा, बाही, सगळं त्याच्या बोटांना पाठ. त्यानं कापड पसरलं, खडूनं रेघा ओढल्या आणि कात्री चालवली. त्या वेळी मनात काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बहुतेक काहीच नव्हतं. मशीनवर शिवण मारली, घडी घातली आणि छाती भरायला, काजं करायला कोट घरी नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेला तर चूल थंड होती. तुळसाबाई दाराशी उजेडात बसली होती, मांडीवर तो कोट, उलटा केलेला. बाकीचे अकरा नीट घडी घालून बाजूला ठेवलेले. टिकारामला वाटलं, छातीचं काम निघालं असेल. तो हातपाय धुवायला वळला.

"हा भोजूचाच हाय न?" तिनं विचारलं.

तो हौ म्हणाला.

तिनं बाजूचा एक कोट उचलला, त्याची कडेची शिवण उलगडून दाखवली. आत बोटभर कापड. मग मांडीवरच्या कोटाची शिवण दाखवली. आत काही नव्हतं. मशीनचा टाका बसेल एवढी नुसती कोर.

"परक्या पोट्ट्यायले बोटभर सोडलं. माह्या पोराले काहीच नाही सोडलं."

टिकारामनं शिवण पाहिली आणि ते त्यालाही आत्ताच कळलं. कात्री खडूच्या रेघेवरूनच गेली होती. ज्याचं अंग आता भरणार नाही आणि सुकणारही नाही त्याचा कोट कापावा तसा हातांनी कोट कापला होता. कापड पुरलं नाही असं सांगता आलं असतं. पण पोती कोपऱ्यात पडलेली होती, आणि तेवीस वर्षं ही बाई त्याच्या शिवणीवरून हात फिरवत आली होती. तो उंबऱ्याशीच उभा राहिला. त्यातच सगळं आलं.

"कोण सांगतलं?"

त्यानं सांगितलं. हिरालाल, नदी, गोळी, हातातून सुटलेला पट्टा. त्यानं काहीच वगळलं नाही, आता वगळण्यात दया नव्हती. तुळसाबाई ऐकत होती आणि बोटानं ती कोर चाचपत होती. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, की कधी आला होता? आखाडीच्या आधी, तो म्हणाला.

तिनं ती शिवण पुन्हा दुमडून ठेवली. मग शेजारणीबद्दल बोलावं अशा साध्या आवाजात म्हणाली, "म्हंजे आखाडीपासून मी रेडिओपाशी उभी राहत होती, आन् तुमी मले पाहत होते."

याच्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या, कोट तोंडावर फेकला असता तर त्याला सोसलं असतं. त्यानं तिला दुःखापासून वाचवायचं म्हणून सगळं एकट्यानं गिळलं होतं. आता त्याला कळलं की त्यानं तिला एकटीलाच वाट बघायला लावलं, आणि पोराचं मरण एकट्यानं आपल्याजवळ ठेवून घेतलं. तिच्या वाटणीचंही. याला माफी कशी मागायची ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं मागितली नाही.

तुळसाबाई रडली नाही. तिनं चिंध्या ओढल्या, छातीचे थर घातले आणि टाके मारायला लागली. संध्याकाळी ती पानठेल्यावर गेली नाही. नंतरचे दिवस ती घरातलं सगळं करत होती, विचारलं तर उत्तर देत होती, पण डोळे कोरडे ते कोरडेच. टिकाराम तिच्या रडण्याची वाट बघत होता आणि त्या रडण्याला घाबरतही होता.

रंगीत तालीम लालबर्ऱ्याला गिरणीच्या खळ्यात होती, दुपारची. कोटांचं गाठोडं घेऊन टिकाराम निघाला तर तुळसाबाई आधीच लुगडं बदलून तयार. बसमध्ये गाठोडं तिनं आपल्या मांडीवर ठेवलं. तो घेतो म्हणाला, तिनं दिलं नाही.

खळ्यात दंडारीची पोरं जमली होती. बहुतेक गिरणीतली, काही शेतातली. कोट बघून त्यांची तोंडं उघडीच राहिली. कोट अंगावर चढले, बांबूचे टोप डोक्यावर आले, आणि कालपर्यंत पोती वाहणारी पोरं एकाएकी ताठ झाली. खेमराज आनंदानं इकडून तिकडे फिरत होता. बारावा कोट तसाच राहिला होता. कोणाचा, असं त्यानं विचारलं तेव्हा टिकाराम गाठोड्याच्या फडक्याची घडी घालायला लागला. तुळसाबाईनं तो उचलून समोरच्या पोराला दिला. घाल बापा, म्हणाली.

पोराचं नाव चैतराम, हमाली करणारा, भोजराजपेक्षा रुंद. कोट कसाबसा चढला. हात वर केला तर काखेत ताणला जाई. टिकारामनं सवयीनं शिवणीला हात लावला आणि तसाच मागे घेतला, वाढवायला आत काही नव्हतंच. चैतराम हसला. राहू द्या मास्तर, पहिल्याच प्रवेशात मरायचं आहे मला, तेवढ्याला पुरे. त्याला काही माहीत नव्हतं, त्याची काय चूक?

ढोलकी वाजली. तुळसाबाई धानाच्या पोत्याला टेकून खाली बसली, टिकाराम तिच्यापासून हातभर लांब. मेघावतीची फौज आली. उन्हात ती खरीच दिसत होती, कुठल्या तरी ओल्या, हिरव्या मुलखातून चालत आल्यासारखी. समोरून काळे कोटवाले आले. लाकडी तलवारी वाजल्या, धूळ उडाली, आणि चैतराम पहिला पडला. मग एकेक करत सगळी फौज पडली. राणीचं गाणं सुरू झालं. खळ्यात बारा कोट आडवे पडले होते.

तुळसाबाई उठून खेमराजजवळ गेली.

"हा देश तुमीच बनवला न, भाऊ? कुठीच नाही म्हंता तो."

खेमराज मान हलवून हौ म्हणाला.

"मंग त्यात तरी काहून मारता पोट्ट्यायले?"

खेमराजनं हसायचा प्रयत्न केला. लढाई नसली तर मंडईत लोक बसत नाहीत, बाई, असं काहीसं तो म्हणाला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, टिकारामकडे पाहिलं, आणि पुढचं बोलणं टाकून दिलं. काय करावं ते न कळून त्यानं शिट्टी वाजवली. तालीम थांबली.

शिट्टी झाली तशी मेलेली फौज उठून बसली. कोणी टोप काढून वारा घेऊ लागला, कोणी बिडी मागितली. चैतरामही उठला. त्याच्या काखेतली शिवण फाटली होती. त्यानं कोटावरची धूळ दोन्ही हातांनी झटकली आणि ओशाळून तुळसाबाईकडे बघत म्हणाला की मावशी, फाटला वाटते.

तुळसाबाईनं त्याची बाही धरली.

"फाटू दे. तू उठला न, बापा. घरी जाय. माय वाट पाहत असन."

आणि मग ती रडली. बाही सोडली नाही, तशीच खाली बसली, चैतरामलाही तिच्याबरोबर बसावं लागलं. गिरणीचं इंजिन चालू होतं, त्याच्यावरून तिचा आवाज गेला. पोरं टोप हातात घेऊन उभी राहिली. टिकाराम उठला आणि तिच्याजवळ जाऊन मातीत बसला. हा आवाज कधी ऐकू येऊ नये म्हणून तो आखाडीपासून गप्प होता. आता तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्यालाही रडू आलं. पोरगा गेल्यापासून ती दोघं पहिल्यांदा एका जागी बसली होती.